दुष्फेन पाणी आणि कृष्णा

चेन्नईच्या उपनगरांत बिऱ्हाड थाटले की आपणां मराठी मंडळींची पहिली कुरकुर पाण्याची! बोअरच्या दुष्फेन पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उकळण्याने थोडेच उतरतात. तुरटीने मुळीच नाही. 1976 च्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र यांनी कृष्णेचे प्रत्येकी 5 टीएमसी पाणी या शहरास देऊ केले. 1996 मध्ये ते पूंडीच्या जलाशयात आले. महाबळेश्वरची कृष्णा येथवर यावी, याचे आम्हांस कोण अप्रूप! तथापि 2019 मध्ये जलाशय आटले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. समुद्रालगत उपसा वाढला की भूजलात खारे पाणी शिरते. म्हणून छतावरचे पाऊसपाणी मुरविण्याचे, 2003 पासून सक्तीचे असलेले खड्डे ऑक्टोबरच्या पावसापूर्वी आपण उपसून ठेवावेत.