वेदनेचे माप

ताप किती चढला हे थर्मामीटर सांगतो. दुखते किती हे कोणी सांगावे? न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयातील हार्डी, वोल्फ व गुडेल या संशोधकांनी १९४० साली त्यासाठी एक यंत्र सिद्ध केले. कपाळावर काळी शाई फासावयाची, तीवर तीन सेकंद दिव्याचा झोत सोडावयाचा आणि किती उष्णतेला वेदना सुरू होते ते टिपावयाचे. हाच वेदनेचा उंबरठा. पुढे त्यांनी वेदनेला ‘डोल’ हे एककही दिले.

परंतु दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञास निराळेच आढळले. गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी, विचारूनही, वेदनाशामक औषध नको म्हटले. जखम मोठी होती. पण तिने रणांगणातून सुटका केली होती. जखमेच्या आकारावरून वेदना ठरत नाही, हे बीचरने १९४६ साली मांडले.

जुनाट दुखण्याचे कोडे याहून अवघड. फायब्रोमायाल्जिया या विकारात सर्वांग दुखते, पण तपासणीत इजा दिसत नाही. १९९० च्या अमेरिकन निकषांनुसार अंगावरील १८ ठराविक जागी सुमारे चार किलो दाब देत; निदान ११ जागा दुखल्या पाहिजेत, अशी अट होती. २०१० च्या नव्या निकषांत ही दाबचाचणी वगळण्यात आली. दुखण्याचा विस्तार, थकवा व झोपेची तक्रार यांना महत्त्व आले.

म्हणजे चाचण्या निरर्थक ठरल्या काय? मुळीच नाही. अशा रुग्णांना सरासरीने कमी दाबही दुखतो, मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील झालेली असते, हे चाचण्यांनीच दाखविले. परंतु एका व्यक्तीचा उंबरठा पाहून तिचे रोजचे दुखणे किती, हे खात्रीने सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील वेदना क्षणाची असते आणि ‘पुरे’ म्हणताच थांबते. वर्षानुवर्षांच्या वेदनेला असा ‘पुरे’ नाही. तिच्यात जागरण, काळजी आणि खोळंबलेली कामेही मिसळलेली असतात.

म्हणून ‘तपासणीत काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘दुखत नाही’ असा करणे अन्यायाचे होय. वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट केले, की दुखणाऱ्याच्या सांगण्याचा आदर झाला पाहिजे. यंत्राने वैद्याला साहाय्य करावे. रुग्णाच्या खरेपणाचा निवाडा त्याच्याकडे सोपवू नये.