पाच मांजरं, पाच वाट्या

मांजराला मधुमेह झालाय असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘एवढं गोड कोण खाऊ घालतं त्याला?’ हा प्रश्न मला किराणा दुकानदारापासून बँकेतल्या साहेबापर्यंत अनेकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडाची ओळख पटवणाऱ्या यंत्रणेतला एक जनुक मांजराच्या साऱ्या कुळात निकामी झालेला आहे, हे शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. ईदच्या सकाळी आमची मांजरं शीरखुर्म्याच्या वाटीभोवती घुटमळतात ती साखरेसाठी नव्हे, दुधाच्या सायीसाठी.

तरीही मांजराला मधुमेह होतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्याकडच्या पन्नाशीतल्या माणसांना होतो त्याच जातीचा असतो. वजन वाढलेलं, घराबाहेर न पडणारं, दिवसाचे बरेच तास झोपणारं, वयानं उतरणीला लागलेलं मांजर. त्यातही नसबंदी झालेला बोका. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि पुढे स्वादुपिंड थकतं. पुण्याला या आजाराची ओळख करून द्यायला नको. इथल्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी आत चरबी बाळगून असतो, हे जगापुढे मांडलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचं आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचं छायाचित्र शेजारी-शेजारी छापलं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखं, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची दुपटीहून अधिक! मांजराच्या बाबतीत असं कोडं नसतं. ते जाड होतं तेव्हा उघड जाड होतं, फक्त आपण त्याला ‘गुबगुबीत’ म्हणून त्याचे लाड करतो.

आमच्या घरात पाच मांजरं आहेत. त्यांतला मुन्शी नावाचा अकरा वर्षांचा बोका मधुमेही आहे, बाकीच्या चौघांना हा आजार नाही. आज मला मुन्शीइतकंच त्या चौघांबद्दल बोलायचं आहे. एकुलत्या एका मांजराचा मधुमेह हा डॉक्टर आणि पाळणारा यांच्यातला मामला असतो. पाच मांजरांच्या घरात तो वाट्यांचा, दारांचा आणि घड्याळाचा प्रश्न होऊन बसतो.

पहिली अडचण आजार ओळखण्याचीच. लक्षणं साधी आहेत. मांजर पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं, भरपूर खातं आणि तरी वाळत जातं. काही मांजरं मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. पण पाण्याचं भांडं आणि वाळूचा ट्रे सामाईक असेल, तर जास्त पाणी कोण पितंय हे कळणार कसं? २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं असल्याची बातमी आपण वाचली असेल. शेजाऱ्यांची तक्रार दुर्गंधीची आणि आवाजाची होती, आणि ती रास्तच होती. माझ्या मनात मात्र वेगळा प्रश्न आला. त्या गर्दीत एखादं मांजर हळूहळू झिजत असेल तर ते कुणाच्या नजरेला पडणार? पाच मांजरांच्या घरातही हाच प्रश्न असतो, फक्त आकारानं लहान. त्यावर आमच्याकडे एक वही आहे. दर महिन्याला प्रत्येकाचं वजन करायचं आणि तारखेसह लिहून ठेवायचं. तान्ह्या बाळांचा वजनकाटा यासाठी उत्तम. नाही तर आधी आपण एकट्यानं काट्यावर उभं राहायचं, मग मांजराला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करायची.

आता खाण्याकडे येऊ. मांजर जातीनं मांसाहारी आहे. माणसाच्या लाळेत पिष्टमय पदार्थ पचवायला सुरुवात करणारा जो घटक असतो, तो मांजराच्या लाळेत नसतो. त्याच्या यकृताचीही साखरेचा मोठा साठा झटपट हाताळायची तयारी नसते. आणि आपण त्याला काय देतो? दूधपोळी आणि दूधभात. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं, कारण त्याशिवाय दाण्याला आकारच येत नाही. वर ते दाणे दिवसभर वाटीत भरलेले असतात. म्हणून मधुमेही मांजराला पिष्ट अगदी कमी आणि प्रथिनं भरपूर असलेलं ओलं खाद्य सुचवलं जातं. नुसतं उकडलेलं चिकनही पुरेसं नाही. त्यात कॅल्शियम कमी पडतं, आणि डोळ्यांना व हृदयाला आवश्यक असलेल्या टॉरीनचीही उणीव राहू शकते.

खाणं बदलताना दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, ‘भूक लागली की खाईल’ म्हणून जाड मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि जिवावर बेततं. दुसरी, इन्सुलिन चालू असताना पिष्ट कमी केलं तर इन्सुलिनची गरजही उतरते. डोस तोच राहिला तर साखर धोक्याच्या रेषेखाली जाईल. तेव्हा खाद्यातला बदल हळूहळू आणि डॉक्टरांना सांगूनच करायचा.

बाकीची मांजरं निरोगी आणि वयात आलेली असतील तर सर्वांनाच ते ओलं खाद्य देणं सोपं पडतं. आमच्याकडे तेही जमत नाही. शेवंता नावाची म्हातारी मांजरी मूत्रपिंडाची रुग्ण आहे. तिच्या पथ्यात प्रथिनं आणि फॉस्फरस बेतानं असतात, आणि त्यांची जागा भरून काढायला त्या खाद्यात पिष्ट वाढतं. म्हणजे तिचं पथ्य हे मुन्शीचं कुपथ्य, आणि मुन्शीचं पथ्य हे तिचं. एकाच घरात दोन उलटी ताटं!

आम्ही वाढलो ते एका दस्तरखानावर. एका मोठ्या थाळ्यातून चौघांनी जेवणं ही आमच्याकडे आपुलकीची खूण. सर्वांना सारखं वाढलं की न्याय झाला, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. मांजरांच्या बाबतीत मात्र सारखं वाढणं हाच अन्याय ठरतो. ज्याला जे मानवतं ते त्याच्यापुढे ठेवायचं आणि दुसऱ्याचं तोंड त्यात जाऊ द्यायचं नाही, यातच सगळी माया आली. दिवसभर भरलेली वाटी आमच्या घरातून कायमची गेली. जेवणाच्या मुख्य वेळा दोन. मुन्शी आतल्या खोलीत, शेवंता स्वयंपाकघरात, तिघं तरणी मांजरं कपाटाच्या वरच्या फळीवर, जिथे मुन्शीची उडी पोचत नाही. वीस मिनिटं दारं बंद. मग उरलंसुरलं उचलायचं, वाट्या धुवायच्या आणि दारं उघडायची. मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून झाकण उघडणारी भांडी आता निघाली आहेत, पण ती महाग असतात. आमचं काम कडीनं भागतं.

दारं बंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. मुन्शीनं किती खाल्लं हे नक्की कळल्याशिवाय सुई टोचायची नाही. आधी जेवण, मग इन्सुलिन. त्यानं खाल्लंच नाही किंवा ओकलं, तर नेहमीचा डोस न देता डॉक्टरांना फोन करायचा. सामाईक वाटी रिकामी दिसली म्हणून मुन्शी जेवला असं धरून चालणं सर्वांत धोक्याचं.

बहुतेक मांजरांना इन्सुलिन बारा-बारा तासांनी, दिवसातून दोनदा लागतं. वेळ अशी निवडावी की ती वर्षभर पाळता येईल. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि त्याबरोबर आमच्या घराचं वेळापत्रक उलटंपालटं होतं. पण मुन्शीला काही रोजा नसतो. म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ साडेसात ही वेळ धरली. इफ्तारनंतर आणि तरावीहला निघण्याआधी ती बसते.

यात अम्मीनं एक प्रश्न विचारला होता, ‘हे औषध बनतं कशाचं?’ प्रश्न गैर नव्हता. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला तेव्हापासून कित्येक वर्षं ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जाई, आणि प्राण्यांसाठीचं काही इन्सुलिन आजही डुकराचंच असतं. मुन्शीला दिलं जाणारं ग्लार्जिन मात्र प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेतात. अम्मीचं समाधान झालं. डॉक्टरांनी दुसरं सुचवलं असतं तरी औषधाच्या निकडीचा विचार आमच्या धर्मशास्त्रात वेगळा केलेला आहे. मनात शंका असेल तर ती दवाखान्यात उघड विचारावी. शंकेपोटी उपचार लांबवू नयेत.

सिरिंजबद्दल मात्र सर्वांनीच कान देऊन ऐकावं. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या पुष्कळ कुप्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, ग्लार्जिनमध्ये १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या असतात. ४० च्या सिरिंजला साधारणपणे लाल टोपण, १०० च्या सिरिंजला केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरलं तर दोन नव्हे, पाच युनिट जातात. चार-पाच किलोच्या जिवाला हा फरक झेपत नाही. घरात आजोबांसाठी इन्सुलिन असेल तर त्यांचा डबा वेगळा आणि मांजराचा वेगळा ठेवावा.

सुई कोण टोचणार हेही ठरलेलं हवं. आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला असतो. ज्यानं इन्सुलिन दिलं त्यानं लगेच वेळ लिहून सही करायची. सकाळच्या घाईत ‘तू दिलंस की मी?’ असा घोळ झाला आणि कागदानं उत्तर दिलं नाही, तर पुन्हा द्यायचं नाही. एक डोस चुकल्यानं सहसा मोठं नुकसान होत नाही. दुप्पट गेला तर मात्र जीव जाऊ शकतो. साखर एकदम उतरली की मांजर लुळं पडतं, झोकांड्या खातं, थरथरतं, त्याला झटकेही येतात. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांवर चोळायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नये.

घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनंही चढते. त्यामुळे दवाखान्यातला एकच आकडा फसवा असू शकतो. त्यासाठी मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन नावाची रक्तचाचणी असते. कानाच्या कडेला बारीक टोचून घरीही साखर मोजता येते, मात्र माणसांचा ग्लुकोमीटर मांजरात सहसा खरी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवतो, हे ध्यानात ठेवावं. घरी मोजण्याचा आणखी एक फायदा फक्त अनेक मांजरांच्या घरालाच कळतो. दवाखान्यात राहून आलेल्या मांजराच्या अंगाला परका वास लागतो आणि घरातलीच बाकीची त्याच्यावर फिस्कारतात. फेऱ्या कमी झाल्या की घरात शांतता राहते.

हे सगळं ऐकून काहींना वाटेल, कशाला हा व्याप? रोगाचं नाव ऐकताच मांजराला सोडून देणारे किंवा त्याला कायमचं झोपवा म्हणणारे लोक असतात. त्यांना एवढंच सांगेन की हा आजार सांभाळता येतो. उपचार लवकर सुरू झाले आणि आहार सुधारला तर काही मांजरांचा मधुमेह मावळतो आणि इन्सुलिन थांबवता येतं. मात्र तसं होतंय हे वेळेवर कळायला हवं, म्हणूनही साखर मोजत राहायचं. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी तोंडावाटे द्यायच्या दोन औषधांना मान्यता मिळाली. ती सर्वांना चालत नाहीत. आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी ती नाहीतच, आणि त्यांच्याही स्वतःच्या जोखमी आहेत. ठरवायचं ते डॉक्टरांनी. आपण ठरवायचं ते घराबद्दल. लग्नाला गावी जायचं असेल तर सुई टोचायला मागे कोण राहील? निदान दोन माणसांना हे काम यायला हवं.

आणि या व्यापाचा लाभ एकट्या मुन्शीला झाला असंही नाही. वजनाची वही सुरू झाली ती त्याच्यासाठी. त्याच वहीत तिसऱ्या महिन्यात शेवंताच्या नावापुढचा आकडा पाव किलोनं उतरलेला दिसला, तेव्हा कुठे तिची रक्ततपासणी झाली आणि मूत्रपिंडाचा आजार लवकर कळला. ती खात-पीत होती, उन्हात बसत होती, कुणाला तिच्याबद्दल काडीचीही शंका नव्हती. एका आजाऱ्यासाठी घरानं लावून घेतलेली शिस्त अशी दुसऱ्याच्या कामी आली. ज्यांच्या घरी एकाहून अधिक मांजरं आहेत त्यांनी ती वही तरी आजच सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.