नव्या हायपरवायझरला सामावून घेताना



अंधेरीच्या एमआयडीसीपासून मुलुंड-घाटकोपरच्या लहान कार्यालयांपर्यंत सर्व्हर सांभाळणारे आपण सगळे सध्या एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारा हायपरवायझर बदलायचा का? नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरवायझर बनवणारी कंपनी विकत घेतली, कायमस्वरूपी परवाने बंद झाले आणि केव्हीएम, प्रॉक्समॉक्स ही नावे हिशेबनिसांच्याही तोंडी आली. मग मुक्तस्रोत व्यवस्थापन सॉफ्टवेअर ज्यांना चालवते त्या हायपरवायझरांच्या यादीत आपल्याला हवे ते नाव दिसले की आपण निर्धास्त होतो. त्या नावामागे आज चाचणी घेणारे कोणी उरले आहे का, हे विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

असेच एक व्यवस्थापन सॉफ्टवेअर, लिबव्हर्ट, 2005 मध्ये झेन या हायपरवायझरसाठी सुरू झाले. पुढे केव्हीएम आले आणि ते 2007 च्या लिनक्स 2.6.20 मध्ये सामील झाले. लिबव्हर्टने त्यालाही जागा दिली. पण मला बोलायचे आहे ते फ्रीबीएसडीच्या बीहाइव्ह या हायपरवायझरबद्दल. जानेवारी 2014 मध्ये फ्रीबीएसडी 10.0 बरोबर तो आला आणि मार्चमध्ये लिबव्हर्ट 1.2.2 मध्ये त्याचा ड्रायव्हर दाखल झाला. मशीन सुरू करणे आणि बंद करणे, ऐकायला केवढे सोपे! प्रत्यक्षात बीहाइव्हमध्ये आधी वेगळ्या प्रोग्रॅमने पाहुण्या सिस्टीमचा कर्नल मेमरीत चढवावा लागे, मगच मशीन सुरू होई. आतल्या माणसाने रीबूट केले की बाहेरची प्रक्रियाच संपते. ती 0 सांगून संपली तर रीबूट, 1 म्हणजे वीज बंद, 2 म्हणजे हॉल्ट. व्यवस्थापन सॉफ्टवेअरने तो आकडा वाचायचा, 0 असेल तर कर्नल पुन्हा चढवायचा आणि मशीन पुन्हा उभे करायचे. मशीन कायमचे थांबले तरी यजमानाच्या कर्नलमधली त्याची जागा स्वतंत्र आज्ञेने मोकळी करावी लागते. हे सारे ज्याने लिहिले त्याच्यामुळे वापरणाऱ्याला नेहमीचीच एक आज्ञा पुरते. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि जे जमत नाही ते? लिबव्हर्टचा ड्रायव्हर म्हणजे फंक्शनांचा तक्ता. रिकाम्या जागी ‘हे इथे उपलब्ध नाही’ असे स्पष्ट उत्तर मिळते. आपल्या उपनगरांत या उत्तराला फार किंमत आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्याला पाणी चढू लागल्यावर नव्हे, मे महिन्यातच कळायला हवे की चालू मशीन दुसऱ्या यजमानावर हलवता येईल की नाही.

जोडलेले नाव टिकेलच, असेही नाही. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या नोव्हा या भागात डॉकरचा ड्रायव्हर 2013 मध्ये आला आणि सततच्या चाचणीची अट पूर्ण न झाल्याने पुढच्याच आवृत्तीत बाहेर गेला. हायपर-व्हीचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे चालला. सांभाळणारे उरले नाहीत, तेव्हा 2024 मध्ये तोही काढला. काही जणांना हा निर्णय कठोर वाटला. मला तो योग्य वाटतो, कारण न तपासलेला ड्रायव्हर यादीत ठेवणे म्हणजे कोणाच्या तरी रात्रपाळीवर संकट सोपवणे.

2025 मध्ये क्लाउडस्टॅक या तशाच सॉफ्टवेअरच्या 4.21 आवृत्तीने बाहेरून स्क्रिप्ट जोडून नवा हायपरवायझर चालवण्याची सोय केली. त्यामुळे जोडणे सोपे होईल, तपासण्याचा भार मात्र तेवढाच राहील. पवईला आयआयटी आहे, जुहूला सी-डॅक आहे, 1973 पासूनचे सीप्झ आहे. जाणकारांची इथे वाण नाही. म्हणून या परिषदेपुढे माझा प्रस्ताव आहे: सभासदांनी आपापल्या कार्यालयांतून निवृत्त झालेले सर्व्हर एका रॅकवर आणावेत, त्यांवर वेगवेगळे हायपरवायझर बसवावेत आणि प्रत्येक नव्या आवृत्तीची सुरू-बंद, रीबूट, स्नॅपशॉट, स्थलांतर अशी चाचणी घेऊन निकाल त्या त्या प्रकल्पाला कळवावा. वीज, जागा आणि देखरेखीची पाळी कोण घेणार, हे आज दुपारच्या सत्रातच ठरवू या. पहिली पाळी मी घेतो.