चूल, घागर आणि प्रार्थना



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘ख्रिस्ती माणसाचे नित्यकर्म’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्हांस थोडा संकोच वाटला. वसंतातील या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. आमच्या विषयात चूल आहे, घागर आहे, केरसुणी आहे. शिवाय या सभेत ख्रिस्ती श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. परंतु पुढे विचार करता असे वाटले की, चूल आणि घागर कोणत्या घरात नाही? तेव्हा बोलणारा ख्रिस्ती असला, तरी बोलण्याचा विषय आपणां सर्वांचा आहे, या भरवशावर आम्ही उभे आहोत.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. आमच्यातील चांगला भाविक माणूस रविवारी दोन तास उपासनेस बसतो आणि रोज अर्धा तास शास्त्रवाचन व प्रार्थना करतो. एकूण साडेपाच तास झाले. उरले एकशे बासष्ट तासांहून अधिक. हे तास झोपेत, दुकानात, कचेरीत, शेतात, स्वयंपाकघरात आणि अलीकडे मोटारसायकलवर जातात. आता प्रश्न असा की, परमेश्वर त्या साडेपाच तासांचाच धनी आहे काय? तसे असेल तर आमचा देव मोठा गरीब म्हटला पाहिजे. आणि तसे नसेल, तर उरलेल्या तासांत त्याची आणि आमची गाठ कोठे पडते, हे शोधले पाहिजे.

शुभवर्तमानात या प्रश्नाचे उत्तर फार शांतपणे दिलेले आहे. प्रभू येशूने लोकांत कार्य आरंभिले तेव्हा त्याचे वय सुमारे तीस वर्षांचे होते. पुढचे कार्य सामान्यतः तीन वर्षांचे मानतात. मग आधीच्या वर्षांत काय घडले? बाराव्या वर्षी तो यरुशलेमच्या मंदिरात गेला, एवढी एक हकीकत सोडली तर शास्त्र मुके आहे. नाझरेथचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत, एवढेच कळते. म्हणजे ज्याला आम्ही जगाचा तारणारा म्हणतो, त्याच्या आयुष्याचा मोठा भाग लाकूड तासण्यात आणि गिऱ्हाइकाला वेळेवर माल देण्यात गेला. त्या वर्षांत कोणता चमत्कार नाही, कोणते प्रवचन नाही. ती वर्षे वाया गेली असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

त्याने शिकविलेल्या प्रार्थनेत स्वर्गाच्या राज्याची मागणी आहे आणि तिच्या पाठोपाठ रोजच्या भाकरीचीही आहे. उद्याच्या कोठाराची मात्र नाही. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी शिष्यांना तो भेटला, तेव्हा त्याने काय केले होते? निखारे पेटविले होते, त्यांवर मासळी ठेवली होती, आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या माणसांना न्याहारीस बोलाविले. मरण जिंकून आलेल्या प्रभूला शिष्यांची न्याहारी करणे हलके वाटले नाही.

येथे कोणी मार्था आणि मरीया यांची गोष्ट पुढे करील. मार्था स्वयंपाकात गुंतली, मरीया प्रभूच्या पायाशी बसली, आणि प्रभूने मरीयेची बाजू घेतली; तेव्हा चुलीपेक्षा पायाजवळची जागा मोठी नव्हे काय? आमचे उत्तर असे की, ती गोष्ट नीट वाचावी. मार्थेला बोल लागला तो रांधण्याबद्दल नव्हे. ती अनेक गोष्टींच्या काळजीने त्रासली होती आणि बहिणीविषयी कुरकुरत होती, त्याबद्दल तो बोल आहे. हात कामात असावेत आणि मन पायाशी असावे, हे दोन्ही एका माणसास साधेल काय, हाच खरा प्रश्न आहे.

साधेल, असे सांगणारे साक्षीदार आमच्या महाराष्ट्रातच आहेत. त्यासाठी रोमला किंवा यरुशलेमला जाण्याचे कारण नाही. गोदावरीच्या याच काठी, येथून फार दूर नाही अशा गंगाखेडास, संत जनाबाईंचा जन्म झाला असे आपण मानतो. नामदेवांच्या घरी त्या दासी होत्या. दळण, कांडण, शेणी, केरवारा यांत त्यांचा दिवस गेला, आणि त्यांचा विठ्ठल त्यांना भेटला तो जात्यापाशी. तेरचे गोरोबाकाका मातीच्या कामात आणि अरणचे सावता माळी मळ्यात रमले. ज्या नांदेडात आम्ही बोलत आहोत, तेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. सचखंड हुजूर साहिबला गेलेल्यांनी पाहिलेच असेल की, तेथे दर्शनाइतकाच मान लंगरच्या भांड्यांना आहे. घरी ज्याच्या हाताखाली नोकर आहेत, असा गृहस्थही तेथे परक्याची खरकटी ताटे घासतो, यात्रेकरूंचे जोडे पुसतो. आम्ही ख्रिस्ती लोक ते पाहून घरी येतो, तेव्हा आमच्या प्रभूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट आम्हांस अधिक स्पष्ट दिसते. रेव्हरंड टिळक म्हणत असत की, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आम्ही इतके मोठे नाही. पण शेजाऱ्याच्या दिव्याने आपले घर उजळले तर ते कबूल करावे, एवढे आम्हांस कळते.

पश्चिमेकडेही असे साक्षीदार झाले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम घालून दिले. त्यांत मठातील साधी भांडी आणि हत्यारे वेदीवरील पात्रांइतक्याच आदराने हाताळावी, अशा अर्थाची आज्ञा आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू होऊन गेले. ते आधी शिपाई होते आणि लढाईत जखमी झाले होते. मठात त्यांना स्वयंपाकघर दिले गेले, आणि स्वयंपाकाची त्यांना मुळात नावड होती. तरी पुढे त्यांची अवस्था अशी झाली की, भांड्यांच्या खडखडाटात आणि उपासनेच्या शांततेत त्यांना देवाचे सान्निध्य सारखेच जाणवू लागले. १६९१ साली ते वारले. आवडीचे काम देवाला वाहणे सोपे असते; नावडते काम वाहण्यास वर्षे लागतात, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावे.

आपल्या मराठीतील उदाहरण घ्यावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे घ्यावे. १८६८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास दिसते की, त्यांच्यातील बदल प्रथम पाण्याच्या भांड्यापाशी आणि स्वयंपाकघरात घडला. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, हा त्यांच्या पुढला खरा धर्मप्रश्न होता. टिळकांनी न सांगता पाहुणे आणावे, घरात पीठ नसावे, आणि तरी बाईंनी पोरक्या पोरांना पोटाशी धरून रांधावे. सोवळ्याने ज्या चुलीभोवती रेघ ओढली होती, ती रेघ पुसली गेली, आणि तीच चूल उपासनेची जागा झाली.

आता एक गोष्ट आमच्या स्वतःच्या घरची सांगतो. ती आमच्या मोठेपणाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही लातूरचे. २०१६ सालचा उन्हाळा आपण विसरला नसाल. मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. घरोघरी हंडे, पिंपे, बादल्या मांडून लोक टँकरची वाट पाहत. अशाच एका रविवारी, उपासनेस निघण्याच्या वेळी, टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला. आम्ही धुतलेले कपडे घातले होते, शास्त्र काखेत होते. पत्नीस म्हणालो, ‘‘तू पाण्याचे पाहा, मी देवाचे पाहतो.’’ आणि निघालो.

परत आलो तो ऊन चढले होते. पत्नी भिंतीला टेकून बसली होती. आमची भांडी भरली होतीच. पण शेजारच्या एकट्या म्हातारीची दोन पिंपेही तिनेच भरली होती, आणि एक घागर अजून रस्त्याकडेला होती. तिने विचारले, ‘‘आज उपदेश कशावर झाला?’’ आम्ही सांगितले, ‘‘विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईवर. तहानलेल्या प्रभूने तिच्याजवळ पाणी मागितले, त्यावर.’’ ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘बरे झाले. आता ही घागर उचलू लागा.’’

बंधूंनो, त्या दिवशी आम्ही ती घागर उचलली, आणि आमच्या वाटणीचा उपदेश आम्हांस तेव्हा मिळाला. उपासनेस जाणे चुकले असे आमचे म्हणणे नाही. चूक होती ती ‘तू पाण्याचे पाहा, मी देवाचे पाहतो’ या वाटणीत.

येथे एक शंका मात्र स्वच्छ मनाने घेतली पाहिजे. कष्टाला पवित्र म्हणणे हे पुष्कळदा कष्ट न करणाराच्या सोयीचे असते. दळणारीला ‘तुझे जाते हीच पूजा’ असे सांगून आपण लोडाला टेकून बसावे, झाडणाराला ‘तुझा झाडू हीच भक्ती’ असे सांगून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच हाती झाडू ठेवावा, हे आपल्या देशात घडले आहे. मराठवाड्यातील आम्हां ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहत. आमच्या घरांना ही गोड भाषा चांगली ओळखीची आहे. म्हणून आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे. कामाचे पावित्र्य दुसऱ्याच्या कामाविषयी सांगावयाचे नसते. ते आपण हाती घेतलेल्या कामात शोधावयाचे असते. प्रभूने शिष्यांना पाय धुण्याची थोरवी सांगितली, ती स्वतः पाय धुतल्यावर. ज्या घरात पुरुष केवळ प्रार्थना करतो आणि बाई केवळ भांडी घासते, तेथे प्रार्थनाही अर्धी आणि भांडीही अर्धीच घासलेली, असे आम्ही म्हणतो. आणि कामाची मजुरी बुडवून त्याला सेवेचे नाव देणे हे तर उघड पाप आहे.

मग रोज करावे तरी काय? आम्ही फार थोडे सांगू शकतो. सकाळी पहिले पाणी भरताना ज्याला आज पाणी मिळाले नाही त्याची आठवण करावी, आणि जमल्यास त्याच्या दारी एक घागर न्यावी. दुकान उघडताना तराजूकडे एकवार पाहावे. गंजगोलाईतील व्यापाऱ्याची प्रार्थना त्याच्या मापावरून ओळखू येते. जेवावयास बसण्यापूर्वी देवाचे आभार मानतो, तसे रांधणाराचेही तोंडाने मानावे. आम्ही स्वतः हे शिकण्यास म्हातारपण गाठले. रात्री दिवा मालविताना दिवसाचा हिशेब पाहावा : कोणाशी फटकून बोललो, कोणाचे काम अडवून ठेवले. उद्या पहिले काम ते. यात नवे काही नाही. चुकले की पुन्हा आरंभ करावा, एवढीच साधना.

शेवटी एक आठवण सांगून आपली रजा घेतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांवर भूकंप आला. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. काही दिवसांनी आम्ही तिकडे गेलो ते सांत्वनाची वाक्ये मनात जुळवीत. बाहेरून आलेले अन्न वाटले जात होते. तरी पत्र्याच्या एका आडोशाला एक म्हातारी पडलेल्या भिंतीचे तीन दगड मांडून ज्वारीची भाकरी थापत होती. तिच्या घरात कोण उरले होते, हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. तिने मान वर केली, आम्हांस बसावयास सांगितले, आणि अर्धी भाकरी मोडून हातावर ठेवली. जुळवून नेलेल्या वाक्यांपैकी एकही आम्ही बोललो नाही.

प्रभुभोजनाची भाकर आम्ही त्याआधी कितीदा तरी घेतली होती. त्यानंतरही घेतो. ती हाती आली की त्या तीन दगडांची चूल डोळ्यांपुढे येते, आणि वेदी व चूल यांत फार अंतर नाही, अशी आमची खात्री पटते.