दहावीनंतर कोणती वाट?




दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? मामा एक सांगतात, शेजारी दुसरेच. ज्याला शिकायचे आहे, त्याला मात्र कोणी विचारीत नाही. त्याच्या मनात शंका असतात, पण वडीलधाऱ्यांपुढे बोलण्याचे धाडस होत नाही.

शंका येणे हा कमीपणा नव्हे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आधी भौतिकशास्त्र घेतले. आपला ओढा इंजिनिअरिंगकडे आहे, हे त्यांना नंतर उमगले. मद्रासच्या संस्थेतील फीसाठी बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. पुढे हवाई दलाच्या निवडीत जागा आठ आणि त्यांचा क्रमांक नववा! तरी ते खचले नाहीत. २००२ साली ते राष्ट्रपती झाले.

पालकहो, आय.टी.आय. म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. विद्यार्थी मित्रांनो, एखादा विषय सोडण्यापूर्वी त्याने पुढचे कोणते दार बंद होते, हे शिक्षकांना अवश्य विचारा.

मुलींनाही हाच न्याय लावा. जोहराने भावासाठी दागिने गहाण ठेवले. आज बहिणीच्या फीसाठी भावांनी पुढे यावे.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म देवो. आमीन.