निरोप, कुलूप आणि साखर

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण पंचवीस वर्षांत आपल्या गेटवरच्या गप्पा बदलल्या. पूर्वी विषय पाणी आणि पार्किंगचा; आता साखर आणि थायरॉईडचा. म्हणून हार्मोनवर बोलतो.

हार्मोन, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं संप्रेरक, हा ग्रंथीनं रक्तात सोडलेला निरोप. हेड ऑफिसचं सर्क्युलर सगळ्या शाखांना यायचं, पण ज्या शाखेत तो व्यवहार असेल तीच कामाला लागायची. इथंही तसंच. निरोप अंगभर फिरतो. ज्या पेशीला त्याचं कुलूप आहे, तीच तो ऐकते.

निरोप्ये मुख्यतः दोन तऱ्हेचे. पहिले पेशीच्या दाराबाहेरूनच बेल वाजवतात. कुत्रं मागं लागलं की छाती धडधडते, ते ॲड्रिनलिन. काम सेकंदांत. इन्सुलिनही बाहेरूनच बोलतं. दुसरे, म्हणजे कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, थेट आत शिरून पेशीचा कारभार बदलतात. थायरॉईडचा निरोपही आतच पोचतो. हे काम सावकाश चालतं. म्हणून थायरॉईडच्या गोळीनं चार दिवसांत फरक दिसत नाही. स्टिरॉईडच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या, तर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. त्या एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा शेजाऱ्याच्या सल्ल्यानं गोळी सुरू करू नका, बंदही करू नका.

आता आपल्या जिव्हाळ्याचं इन्सुलिन. जेवलो की स्वादुपिंड ते सोडतं. स्नायूंना सांगतं, साखर आत घ्या. यकृताला सांगतं, साठवा. पोटात चरबी साठली की पेशी हा निरोप नीट ऐकत नाहीत. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. ते पुरेनासं झालं, की रक्तात साखर वाढते.

"पण आम्ही कुठं जाड आहे ओ?" असं कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखं, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपल्याकडं बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपते. माझंच बघा. अंगानं काटकुळा, तरी मधुमेह आहेच.

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांची 80 च्या आत हवी. तांबडा-पांढरा सोडा म्हणणार नाही. पण जेवण झाल्यावर चाला. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. रंकाळा काही लांब नाही.

कमिटीला एकच विनंती. सोसायटीचं ऑडिट दरवर्षी होतं. वार्षिक सभेच्या दिवशी सभासदांचंही व्हावं: साखर आणि कंबर. बारीक माणसांनी आधी रांगेत उभं राहावं.