विहिरीचं पाणी : बाटल्या दोन, तपासण्या दोन

बैल विकत घेताना आपण त्याचे दात बघतो, बियाणं पेरण्याआधी उगवण बघतो. पण ज्या विहिरीवर सगळं शेत आणि सगळं घर चालतं, तिचं पाणी ओंजळीत घेतो आणि म्हणतो, "काचेसारखं आहे, काय बघायचंय त्यात?" विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत आणि जंतू तर नाहीतच नाहीत.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या तोट्या तुंबल्या होत्या. तोट्यांवर पांढरी पुटं दिसली. मी लगेच सांगून टाकलं, "क्षार आहेत, आम्ल सोडा." त्यांनी दोनदा आम्ल सोडलं. काही तोट्या सुटल्या, पण तीन आठवड्यांत पुन्हा बंद. शेवटी नळी उभी चिरून पाहिली, तर आत तांबूस, बुळबुळीत चिकटा. तोवर निम्म्या बागेला पाणी कमी पडून फूल गळालं होतं. मग पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात लोह जास्त आणि जिवाणू भरपूर. तपासणीच्या आधी औषध सांगितलं, ही चूक माझी.

पाण्याच्या खोडी मुख्यतः तीन.

पहिली, पुटं धरण्याची. आपल्या काळ्या पाषाणाच्या भागात पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी तापलं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला, की तो चुना बाहेर पडून घट्ट बसतो. आंघोळीच्या बंबात जी पांढरी खपली धरते, तीच उन्हात तापलेल्या काळ्या नळीच्या तोटीत धरते.

दुसरी, धातू खाण्याची. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा हलकं, थोडं आंबट असतं. त्यात पुटं धरत नाहीत, पण लोखंडी पाइप आतून झिजतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात क्लोराइड जास्त, त्यानेही गंज वाढतो. पंपाचा पाइप वर्षा-दोन वर्षांत चाळणीसारखा होत असेल, तर दरवेळी दुकानदाराला दोष देण्याआधी पाणी तपासा.

तिसरी खोड जंतूंची. त्यात दोन जाती ध्यानात ठेवा. लोहजिवाणू नळ्या तुंबवतात, माणसाला सहसा अपाय करत नाहीत. ई. कोलाय हा जिवाणू मात्र माणसा-जनावरांच्या विष्ठेतून येतो. तो सापडला म्हणजे घाण विहिरीत झिरपते आहे, असं समजावं.

आता महत्त्वाची गोष्ट. एकाच बाटलीतून या सगळ्या तपासण्या होत नाहीत. नमुना असा घ्या :

१. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. पाइपात साचलेलं पाणी नमुन्याला नको.

२. क्षारांसाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्या. औषधाची किंवा तेलाची नको. त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. वर हवा राहिली तर वायू निसटून सामू बदलतो आणि अहवाल चुकतो.

३. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणा. ती विसळू नका, तोंडाला आणि बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. तोटी धातूची असेल तर स्पिरिटचा बोळा पेटवून तिचं तोंड भाजून घ्या. मोटारीच्या विजेपासून आणि डिझेलपासून मात्र दूर. ही बाटली काठोकाठ भरू नका, हलवायला थोडी जागा ठेवा.

४. विहीर, गाव, तारीख, वेळ लिहा. 'पिण्यासाठी आणि ठिबकसाठी' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'ओलितासाठी' म्हटलं तर जंतूंची तपासणी बहुधा होत नाही.

५. जंतूंची बाटली बर्फात ठेवून सहा तासांत पोहोचवा. फार झालं तर चोवीस तास, त्यापुढे नको.

जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. ओलिताच्या पाण्यासाठी कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रातही विचारा. निघण्याआधी कोणती तपासणी कुठे होते, याची चौकशी करा.

अहवाल हाती आला की घाबरू नका. सामू ८ च्या वर आणि चुना जास्त, तर पुटांचा धोका. लोह लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर, तर तोट्या तुंबण्याचा धोका मोठा. सामू, चुना, अल्कता, क्षार आणि तापमान यांवरून लांगेलिअर निर्देशांक काढतात. तो शून्याच्या वर असेल तर पाणी पुटं धरणारं, खाली असेल तर धातू खाणारं. क्लोराइडचा आकडा मात्र वेगळा बघावा लागतो. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नसावा, असं भारतीय मानक सांगतं.

उपायही खोडीप्रमाणेच. चुन्याला आम्ल, चिकट्याला क्लोरीन. लोह असेल तर क्लोरीन गाळणीच्या आधी सोडा, नाहीतर गंजाचे कण नळीतच बसतील. आम्ल नेहमी पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीही ओतू नका. आणि आम्ल व क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू जीव घेऊ शकतो.

आता त्या बागेचं उरलेलं सांगतो. तोट्यांसाठी गेलो होतो, म्हणून जंतूंची बाटलीही भरली. अहवालात ई. कोलाय निघाला. त्याच विहिरीचं पाणी घरात पिण्याला होतं आणि घरातल्या धाकट्या मुलीला वरचेवर हगवण लागत असे. सगळे म्हणत, "दात येताहेत." गोठ्याची मोरी विहिरीपासून दहा पावलांवर होती. मोरी हलवली, विहिरीला कठडा बांधला, ब्लीचिंग पावडर टाकली, पाणी खळखळून उकळून द्यायला सांगितलं. पुढच्या अहवालात जंतू नव्हते, तेव्हाच उकळणं थांबवलं. बागेचं फूल पुढच्या बहराला परत आलं. लेकराचं दुखणं मात्र पुढच्या बहरापर्यंत थांबवून ठेवता येत नसतं.

तेव्हा क्षारांची तपासणी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर करा. जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. विहिरीत पुराचं पाणी शिरलं तर लगेच. आणि औषधाचा डबा उघडण्याआधी, मग सांगणारा माझ्यासारखा अधिकारी का असेना, त्याला एवढंच विचारा : "साहेब, अहवाल कुठंय?"